निखळलेल्या दाताचा पहिला तास

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर लेदर बॉल तोंडावर आदळला, किंवा गंगापूर रोडवर स्पीडब्रेकर न दिसल्यामुळे स्कूटर आडवी झाली, की मार बसतो तो बहुतेक वेळा वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांना. त्यातला एखादा मुळासकट बाहेर आला तरी तो पुन्हा बसवता येतो. तो किती वर्षं टिकेल, हे मात्र डेंटिस्टच्या खुर्चीत बसण्याआधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं. दात निखळताना हे अस्तर फाटतं. थोडं हाडातल्या खाचेला चिकटून राहतं, थोडं मुळावर. मुळावरच्या पेशी जिवंत राहिल्या तर दोन्ही बाजू पुन्हा सांधल्या जातात. कोरड्या हवेत त्या भराभर मरतात आणि साधारण 60 मिनिटांनंतर वाचवण्यासारखं फारसं काही उरत नाही. पंधरा-वीस मिनिटांत जागेवर परत गेलेल्या दाताची गोष्टच वेगळी.

म्हणून दात उचलताना हसताना दिसतो तो भाग धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये हलकेच बुचकळायचा. दोन्ही नसेल तर थंड पाण्याच्या नळाखाली क्षणभर धरायचा, बस्स. घासायचा नाही, कापसाने पुसायचा नाही, डेटॉल किंवा स्पिरिट तर जवळही आणायचं नाही. मग फुगीर, गुळगुळीत बाजू ओठाकडे ठेवून तो खाचेत सरकवायचा आणि घडी घातलेला स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरायचा. वाचायला हे भयंकर वाटतं, पण मार नुकताच बसलेला असताना जागा बधिर असते आणि दात सहसा सहज आत जातो.

ते धाडस होत नसेल तर दूध. कोपऱ्यावरच्या डेअरीतली थंड पिशवी चालते, साखर घातलेलं दूध नको. दुधातलं क्षारांचं प्रमाण आपल्या पेशींना मानवतं. साध्या पाण्यात ते नसतं, त्यामुळे पाणी पेशींत शिरतं, त्या फुगतात आणि फुटतात. दात पाण्याच्या ग्लासात घालून आणणारे पालक खूप, आणि रुमालात किंवा पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून आणणारे त्याहून जास्त. दोन्हींत हेतू चांगला, परिणाम वाईट. दूधही नसेल तर त्याच माणसाची थुंकी वाटीत घेऊन दात त्यात ठेवावा. मोठ्या माणसाने गालात धरला तरी चालेल. लहान मूल तो गिळू शकतं.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीत ओल्या दगडावरून घसरून कुणाचा दात पडला, तर त्र्यंबकहून नाशिक सुमारे 30 किलोमीटर, आणि त्या दिवशीची गर्दी सांगायला नकोच. अशा वेळी दात जागच्या जागी बसवून निघणं कधीही चांगलं.

याला एक पक्का अपवाद आहे: दुधाचा दात परत बसवत नाहीत. त्याच्या मुळाशी कायमच्या दाताचा अंकुर असतो, त्याला इजा होते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात दोन्ही प्रकारचे दात असतात, तेव्हा शंका असेल तर दात दुधात ठेवून सरळ दवाखाना गाठावा.

दवाखान्यात एक्स-रे निघतो, टिटॅनसच्या इंजेक्शनची चौकशी होते आणि दात शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला जातो. ही तार 0.4 मिलिमीटरपर्यंतच्या जाडीची, मुद्दाम लवचिक घेतात आणि दोन आठवड्यांनी काढतात. जाड तारेने महिनाभर घट्ट बांधलं तर जास्त भक्कम होईल, असं कुणालाही वाटेल. होतं उलटंच. दाताला थोडीही हालचाल मिळाली नाही तर अस्तराच्या जागी हाड भरतं आणि दात जबड्याला चिकटून बसतो.

निखळलेल्या दाताची नस तुटलेलीच असते. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर ती पुन्हा जिवंत होत नाही, म्हणून दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनॉल सुरू करतात. उशीर झाला तर कुजलेल्या नसेतले जंतू दाताच्या सूक्ष्म नळ्यांतून मुळाच्या बाहेरच्या बाजूला पोहोचतात आणि मूळ बाहेरून खाल्लं जातं. बाहेरून काहीच जाणवत नाही; एक्स-रेमध्ये मात्र मुळाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. सात-आठ वर्षांच्या मुलात मुळाचं टोक अजून उघडं असतं. तिथून नव्या रक्तवाहिन्या आत शिरू शकतात, म्हणून तिथे थांबून, वरचेवर तपासून बघतात.

रूट कॅनॉलमध्ये रबर डॅम, म्हणजे थुंकी दूर ठेवणारा रबराचा पडदा, लावून दाताला मागच्या बाजूने छिद्र पाडतात. वरच्या पटाशीच्या दाताची लांबी साधारण 22-23 मिलिमीटर. एपेक्स लोकेटर या मुळाचं टोक शोधणाऱ्या यंत्राने मोजून टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर आधी थांबायचं असतं. फाइल, म्हणजे सुईसारखी बारीक कानस, मुळातली वाट फक्त मोठी करते; जंतू मारतं ते सोडियम हायपोक्लोराइट, आणि फाइलने भिंतीवर साचलेला थर 17 टक्के ईडीटीए हे द्रावण काढतं. हायपोक्लोराइट जोराने मुळाच्या पार गेलं तर चेहरा सुजतो, म्हणून बाजूला छिद्र असलेली सुई वापरून ते सावकाश सोडतात. मग कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध, आणि काही आठवड्यांनी गटापर्चाचं (रबरासारख्या पदार्थाचं) कायमचं फिलिंग. दाताच्या दिसणाऱ्या भागातल्या पोकळीत नसेचा कण किंवा सीलर (फिलिंग चिकटवणारा लेप) राहिला तर दात पुढे काळपट पडतो. कॅप लावायलाच हवी, असं सरसकट सांगणं आम्हाला पटत नाही. ते दाढेला बहुधा लागू पडतं, पुढचा दात धडधाकट असेल तर मागचं छोटं छिद्र भरलं की पुरतं.

याउलट, दात फक्त हलला किंवा थोडा सरकला असेल तर रूट कॅनॉलची घाई नको. मार लागलेल्या दाताला थंडगार कापूस लावला आणि काहीच जाणवलं नाही, तरी नस मेली असं होत नाही. ती बधिर असू शकते आणि जाणीव परतायला तीन महिनेही लागतात. नुसता पिवळा पडलेला दातही बहुतेकदा तसाच सोडायचा असतो. जंतू शिरल्याची किमान दोन लक्षणं दिसेपर्यंत थांबलेलं बरं.

तुकडा पडला असेल तर तो शोधून आणावा, कारण तोच पुन्हा चिकटवता येतो. त्याच्यावर जिवंत पेशी नसतात, म्हणून तो पाण्यात ठेवला तरी चालतो. सापडला नाही आणि ओठ फाटला असेल तर ओठाचाही एक्स-रे काढतात. तुकडा आतच रुतलेला निघतो. तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसत असेल तर नस उघडी पडली आहे. लहान मुलांत वरचा दोनेक मिलिमीटर भाग काढून औषधाचा थर दिला की उरलेली नस वाचते आणि मुळाची वाढही चालू राहते.

बसवलेल्या दातावर डेंटिस्टच्या छोट्या आरशाच्या दांडीने टकटक केल्यावर धातूसारखा उंच आवाज आला, तर तो हाडाला चिकटला आहे असं समजावं. मोठ्या माणसात असा दात वर्षानुवर्षं काम देतो. वाढत्या मुलाचा जबडा खाली येत राहतो आणि दात तिथेच अडकतो, त्यामुळे शेजारच्यांपेक्षा आखूड दिसतो. कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगने, लांबी वाढवून काही काळ निभावतं. तास उलटून गेला तरी दात बसवतात तो यासाठीच: जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचं कृत्रिम मूळ, लावता येत नाही, आणि तोवर तिथलं हाड टिकवायला हा चिकटलेला दातच कामी येतो.