ब्रेक्झिटच्या दिवशी तरुण घरी बसले नव्हते

"ब्रिटनच्या तरुणांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांनी मत दिलं, मग युरोपातून बाहेर पडल्यावर रडायचं कशाला?" ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं, यावरच्या २३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर हे वाक्य जगभर फिरलं, अजूनही फिरतं. ते चुकीचं आहे.

३६ हा आकडा त्या दिवशी मोजलेला नव्हताच. स्काय वाहिनीच्या सर्वेक्षण विभागाने लोकांच्या आधीच्या मतदानाच्या सवयींवरून बांधलेला तो अंदाज होता. मुळात वयानुसार अधिकृत आकडा तिथे निघतच नाही. केंद्रावरचा कर्मचारी यादीतल्या नावावर पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारतो. 'राहावं' की 'बाहेर पडावं', एका चौकोनात फुली मारायची, घडी घालून पेटीत टाकायची. वय कुठेच नोंदलं जात नाही.

पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या मायकेल ब्रूटर आणि सारा हॅरिसन यांनी थेट लोकांना विचारून अंदाज काढला: नोंदणीकृत १८ ते २४ वयोगटात सुमारे ६४ टक्के. ज्येष्ठांपेक्षा हे कमीच, आणि नोंदणीच न केलेले यात नाहीत, हेही सांगायला हवं. पण त्या ३६ च्या जवळपास दुप्पट!

मला सर्वांत जास्त टोचतं ते १६-१७ वर्षांच्या मुलांचं. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या सार्वमतात त्यांना मत होतं. युरोपभर शिकायचा, नोकरी करायचा हक्क पणाला लागला तेव्हा मात्र नव्हतं. त्यांना मत द्यावं अशी दुरुस्ती ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, लॉर्ड्सने सुचवली होती; कनिष्ठ सभागृहाने, कॉमन्सने ती फेटाळली.