वांद्र्याच्या टेकडीवरचं चॅपल: पाडलं कोणी, उभं राहिलं कोणाच्या काळात?

सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा जवळ आली की टेकडीवरच्या चर्चचा इतिहास चार-पाच ओळींत सगळीकडे फिरू लागतो. त्यात हे हमखास असतं: १७३८ मध्ये, मराठ्यांच्या साष्टीवरच्या (मुंबई बेटाच्या उत्तरेचं, वांद्रे ज्यात येतं ते बेट) स्वारीच्या वेळी, चॅपल उद्ध्वस्त झालं, १७६० च्या सुमारास ते पुन्हा बांधलं गेलं. वाचणारा यातून सरळ निष्कर्ष काढतो की मराठे आले आणि त्यांनी चॅपल पाडलं. पण तारखा, भूगोल आणि पुढे घडलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्या, तर प्रकरण इतकं सरळ राहत नाही.

आज तिथे दोन मनोऱ्यांची भव्य बॅसिलिका आहे. अठराव्या शतकात मात्र टेकडीवर एक लहानसं प्रार्थनास्थळ होतं. सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी मातीच्या भिंतींची खोली उभारून सुरुवात केली आणि १६४० च्या सुमारास तिथे चॅपल झालं. टेकडीखाली समुद्राच्या टोकावर असलेल्या पोर्तुगीजांच्या आग्वाद किल्ल्याच्या दारावरही १६४० हेच साल आहे. एकाच काळात एकाच सत्तेने खाली पहारा बसवला आणि वर प्रार्थनेची जागा केली. या शेजारामुळेच चॅपल पुढे युद्धाच्या वाटेत आलं.

१७०० मध्ये अरब चाच्यांनी चॅपलमधल्या मेरीमातेच्या मूर्तीचा उजवा हात तोडल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. हातातली वस्तू सोन्याची असावी, असा त्यांचा समज झाला होता.

आता मूळ वाद. १७३७ मध्ये ठाणे शहर पडलं आणि साष्टीचा बराचसा भाग मराठ्यांच्या ताब्यात गेला. वांद्र्याचं टोक अजून पोर्तुगीजांकडे होतं, पण ते राखायला त्यांच्याजवळ माणसं उरली नव्हती. खाडीपलीकडे माहीमच्या किल्ल्यात इंग्रज बसले होते. पोर्तुगीजांनी त्यांच्याकडे मदत मागितली, तेव्हा इंग्रजांनी सल्ला दिला की किल्ला लढवत बसू नका, पाडून टाका. त्यांचा हिशेब साफ होता. आग्वाद किल्ला धड अवस्थेत मराठ्यांच्या हाती लागला असता, तर माहीमची खाडी आणि मुंबई बेटाचं उत्तर टोक तोफांच्या माऱ्यात आलं असतं. त्याप्रमाणे किल्ल्याचा बराच भाग पाडण्यात आला. त्याबद्दल फारसा वाद नाही.

वाद आहे तो वरच्या चॅपलचा. एका मताप्रमाणे ते मराठ्यांनी पाडलं. दुसऱ्या मताप्रमाणे किल्ल्याला जो न्याय लावला तोच चॅपललाही लावला गेला: किल्ल्यावर नजर ठेवणाऱ्या उंचीवरची दगडी इमारत शत्रूला आयती मिळू नये, म्हणून ती आधीच जमीनदोस्त केली. मला दुसरं मत जास्त पटतं. चॅपल पाडल्याचं साल १७३८ सांगितलं जातं आणि किल्ला पाडल्याचं १७३९. म्हणजे चॅपल पडलं तेव्हा हे टोक मराठ्यांच्या हातात आलेलंच नव्हतं. शिवाय टेकडीच्या पायथ्याचं सेंट अँड्र्यूज चर्च मराठी अमलातही टिकून राहिलं आणि तिथली प्रार्थनाही चालू राहिली. धर्मस्थळं पाडायचीच मोहीम असती, तर गावाच्या मधोमध असलेलं हे चर्च वाचलं नसतं. मे १७३९ मध्ये वसई शरण आली, तेव्हा मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक देण्याचं कलमही तहात होतं.

याचा अर्थ मराठ्यांनी कुठल्याच चर्चला हात लावला नाही, असा मुळीच नाही. वसईच्या मोहिमेत आणलेल्या पोर्तुगीज घंटा भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही पाहता येतात. त्या चर्चच्या मनोऱ्यांवरूनच उतरवलेल्या आहेत. वसई परिसरातली किती चर्च त्या धुमाळीत पडली, हे तिथल्या ख्रिस्ती घराण्यांना नीट ठाऊक आहे. पण वसईत जे झालं तेच वांद्र्याच्या टेकडीवर झालं असेल, असं गृहीत धरणं योग्य नाही. या चॅपलचा घात त्याच्या उंचीने केला.

आणि ज्या गोष्टीकडे कोणी बघतच नाही, ती तर याहून महत्त्वाची आहे. चॅपल पुन्हा उभं राहिलं ते १७६०-६१ मध्ये. पानिपताचं साल. त्या वेळी साष्टी पेशव्यांकडे होती. इंग्रजांनी ठाणे शहर घेतलं ते १७७४ च्या डिसेंबरात. म्हणजे वांद्र्याच्या टेकडीवरचा हा जीर्णोद्धार पूर्णपणे मराठी अमलात झाला. मराठ्यांनी चॅपल पाडल्याचं वाक्य पाठ असणाऱ्यांना ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. सांगायला हवी; मराठ्यांचं कौतुक करण्यासाठी नव्हे, तर इथल्या ख्रिस्ती रयतेसाठी. पोर्तुगीज निघून गेले, पण कोळी, कुणबी, आगरी कुळांतून ख्रिस्ती झालेली मराठी बोलणारी माणसं इथेच राहिली. पुढे १८८७ मध्ये त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. परक्या सत्तेचा आधार गेल्यावरही चॅपल परत उभं राहिलं, ते ही माणसं टिकली म्हणून.

मूर्तीचा गुंताही याच काळातला. एका कोळ्याला स्वप्नात दृष्टांत झाला आणि समुद्रात तरंगणारी मूर्ती सापडली, ही कथा १७०० ते १७६० या काळातली मानतात. चॅपल पुन्हा बांधल्यावर तिथे आधी सेंट अँड्र्यूजमधली, दर्यावर्दींची माउली म्हणून पुजली जाणारी मूर्ती बसवली गेली. हात तुटलेली जुनी मूर्ती दुरुस्त होऊन मानाच्या जागी आली ती नंतर. त्यामुळे मोत माउलीच्या (माउंट मेरीचं इथलं नाव) जुन्या हकिकती वाचताना कुठल्या मूर्तीबद्दल लिहिलंय, हे दर वेळी तपासावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात चॅपल बदलण्याआधी रस्ता बदलला. १८४० च्या दशकात माहीम-वांद्रे कॉजवे झाला. एका पारशी घराण्यातल्या बाईंनी त्यासाठी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. तोवर खाडी होडीतूनच ओलांडावी लागे. १८६७ मध्ये लोकल सुरू झाली आणि जत्रेला सगळ्या मुंबईची गर्दी लोटू लागली. मेणाचे हात, पाय, घरं, बाळं घेऊन नवस फेडायला हिंदू, पारशीही येऊ लागले.

ही गर्दी लहान चॅपलमध्ये मावणं शक्य नव्हतं. १९०२ ते १९०४ या काळात आजची इमारत बांधली गेली. वास्तुरचनाकार पारशी, शैली गॉथिक वळणाची, खर्च सुमारे एक लाख. गरज खरी होती, हे मान्य. तरीही पेशवाईत उभं राहिलेलं ते लहान चॅपल नव्या इमारतीपुढे टिकलं नाही, याची हळहळ वाटते. युद्धानंतर वांद्र्याच्या लोकांनी केलेल्या जीर्णोद्धाराची ती खूण होती. १९५४ मध्ये पोपनी या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा दिला आणि मोठेपणावर शिक्कामोर्तब झालं.

खालच्या किल्ल्याची डागडुजी २००३ च्या सुमारास स्थानिक रहिवाशांच्या पुढाकाराने झाली. तिथे फिरायला जाणाऱ्याला पडकी तटबंदी दिसते. ती पाडण्याचा सल्ला देणारे इंग्रज समोरच्या माहीमच्या किल्ल्यात बसले होते. टेकडीवरच्या चॅपलची हकिकत सांगताना हे दोन किल्ले वगळू नयेत.