पुट आणि बट (इंग्रजी स्पेलिंगमधील विसंगती)

इंग्रजीतील लेखन आणि उच्चार यांच्या फारकतीचे मराठी शाळांमधले सर्वपरिचित उदाहरण. पी-यू-टी 'पुट', तर बी-यू-टी 'बट' का, हा प्रश्न कोल्हापुरातल्या वर्गांतही पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. एखादे पोर धीटपणे 'बुट' वाचते, मागच्या बाकावरून "पायातला काय रं?" येते आणि सगळा वर्ग हसतो.

ते पोर देवनागरीच्या सवयीने वाचते. तिथे उकार कुठेही उकारच राहतो. शिवाय आपल्या गावाच्या नावात यूचा 'ऊ' त्याने पाट्यांवर रोज पाहिलेला असतो. (तोही पूर्वी डबल ओ होता. १८७० मध्ये फ्लॉरेन्सला निधन पावलेल्या राजाराम महाराजांची युरोपप्रवासाची इंग्रजी रोजनिशी १८७२ साली लंडनला छापली गेली, तिच्या मुखपृष्ठावर 'कोल्हापूर' डबल ओनेच लिहिले आहे.)

इतिहास त्या पोराच्या बाजूने आहे. 'बट'मध्ये पूर्वी 'उ'च होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये तो 'अ'कडे झुकला. प, ब, फ या ओठांवरच्या व्यंजनांपुढे 'पुट', 'बुल', 'फुल' अशा काही शब्दांत तो टिकला, 'बट'मध्ये टिकला नाही. उत्तर इंग्लंडमध्ये हा बदल रुजलाच नाही. तिकडे आजही 'कप' 'कुप'सारखा ऐकू येतो. त्याआधीच विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला होता. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू ठरून गेले, बोलणे मात्र बदलत राहिले.

स्पेलिंग पाठ करताना मुले 'क्नाईफ', 'वेडनेसडे' असे मोठ्याने घोकतात. हे उच्चारही जुन्या इंग्रजीच्या जवळचे आहेत. चाकूला तेव्हा 'क्नीफ' म्हणत आणि बुधवार हा वोडन देवाचा वार, म्हणून त्यातला डी.

कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी मात्र इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही. शब्द फ्रेंचमधून बीशिवाय आला. लॅटिन मूळ दिसावे म्हणून पंडितांनी तो मागाहून घातला. 'आयलंड'मधला एस तर लॅटिन शब्दाशी नसलेले नाते जोडल्यामुळे शिरला.

मराठीही यातून पूर्ण सुटलेली नाही. 'सिंह' लिहून आपण 'सिंव्ह' म्हणतो. पाण्याचा जग आणि सारे जग लिहायला एकच, पण दोन्हींतला ज वेगळा. तो कोणता, हे इथल्या पहिलीतल्या मुलालाही शिकवावे लागत नाही.