पोराचा खांदा दुखतोय? दरवेळी रोटेटर कफ नसतो

एखाद्या मोठ्या बॉलरचा रोटेटर कफ फाटला, ऑपरेशन झालं अशी बातमी आली की बॉलिंग नाहीतर स्विमिंग करणाऱ्या पोरांचे आईबाप धास्तावतात. पोरगं खांदा दुखतो म्हणालं की नेटवर शोधायचं आणि कफ फाटलाय हे स्वतःच ठरवून डॉक्टरकडे जायचं. मुलांमध्ये कफला इजा होतच नाही असं नाही, अर्धवट फाटणं दिसतं कधीकधी, पण पूर्ण फाटणं फार दुर्मिळ. आणि ते का दुर्मिळ, हीच खरी मजा आहे.

रोटेटर कफ म्हणजे सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार स्नायू. खांद्याचा सांधा मुळात उथळ, त्यामुळे हात फिरताना दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवायचं काम यांचं. मोठ्यांमध्ये वयाबरोबर यांचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, झिजतात आणि फाटतात. मुलांमध्ये टेंडन एकदम दणकट, पण तो जिथे बांधलाय ते हाड अजून वाढतंय. दोर नवा आणि खुंटी ओल्या मातीत, मग ओढ बसली की काय निघणार सांगा.

त्या गोळ्याच्या खालीच कूर्चेचा (कार्टिलेजचा) एक पातळ थर असतो, ग्रोथ प्लेट. दंडाच्या हाडाची लांबीतली जवळपास 80 टक्के वाढ इथून होते. यात पेशी उभ्या रांगांमध्ये असतात, एका टोकाला त्या विभागत राहतात, पुढे सरकत सरकत फुगतात (हाडाची लांबी मुख्यतः या फुगण्यानेच वाढते), मग त्यांच्या आजूबाजूला कॅल्शियम साठतं, हाडाच्या बाजूने बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चेच्या जागी हाड तयार होतं. आता गंमत अशी की फुगलेल्या पेशींच्या पट्ट्यात पेशीच जास्त आणि त्यांना धरून ठेवणारा मसाला कमी, म्हणून तो सगळ्यात कच्चा. जोरात बॉल फेकताना हाडाला पीळ बसतो तो इथेच. रोज रोज तेच झालं की रक्तवाहिन्यांचं आत शिरणं बिघडतं, कूर्चा साठत जाते पण तिचं हाड होत नाही आणि एक्स-रेत ग्रोथ प्लेट जी फट म्हणून दिसते ती रुंद दिसते, म्हणून दुसऱ्या खांद्याचाही फोटो काढून ताडून बघतात. याला लिटल लीग शोल्डर म्हणतात, बहुतेक 11 ते 16 वर्षांच्या फेकणाऱ्या मुलांमध्ये.

दुसरा प्रकार एका झटक्यात होतो. हात बाहेर फिरलेला असताना पडलं की सबस्कॅप्युलॅरिस तुटत नाही, तो हाडाचा तुकडाच उपटून आणतो. समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेत हा तुकडा सहज निसटतो, काखेतून फोटो किंवा एमआरआय लागतो. तपासताना डॉक्टर तळहात पोटावर दाबायला सांगतात, हा स्नायू निकामी असेल तर कोपर मागे जातं आणि मनगट वाकवून पोरगं कसंबसं दाबतं. अशा खांद्याला झटके देऊन 'बसवून' देणारे महाभाग सगळीकडे असतात, त्यांच्याकडे प्लीज जाऊ नका.

उपचार म्हणाल तर तुकडा सरकला असेल तर बहुधा ऑपरेशन करून स्क्रू किंवा टाक्यांनी परत जागेवर बसवतात. कफ अर्धवट फाटला असेल तर आधी विश्रांती आणि फिजिओथेरपी. ग्रोथ प्लेटच्या दुखण्यात फेकणं साधारण तीन महिने पूर्ण बंद, पळायला हरकत नाही, नंतर खांद्याच्या मागच्या भागाचं स्ट्रेचिंग, पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि मग थोडं थोडं फेकणं सुरू. पेनकिलर घेऊन मॅच खेळवणं म्हणजे दुखणं झाकून तोच पीळ परत देणं. एक्स-रेतली फट मात्र दुखणं थांबल्यावरही बरेच महिने दिसू शकते, म्हणून ती बुजेपर्यंत खेळ सहसा थांबवून ठेवत नाहीत, दुखणं गेलंय का, ताकद आणि हालचाल दुसऱ्या खांद्याइतकी आलीय का ते बघून परत खेळायला सोडतात.