बाहेरचा मुख्य अधिकारी नेमण्याआधी

मराठवाड्यातल्या डाळ मिल, जिनिंग, बियाणे कंपन्या, लोखंडाचे कारखाने बहुतेक घरच्याच माणसांनी उभे केले. धंदा वाढतो, मालकाचे हात पुरेनासे होतात आणि पहिल्यांदाच बाहेरचा सीईओ किंवा जनरल मॅनेजर नेमायची वेळ येते. मग कुणीतरी शब्द टाकतं, माणूस चहाला येतो, तासभर छान बोलतो आणि संध्याकाळपर्यंत ठरूनही जातं. एवढ्या मोठ्या जबाबदारीला हा एक तास पुरत नाही. गोड बोलणारा निवडला जातो, आणि कमी बोलणारा पण कामाचा माणूस हातचा जातो.

असा माणूस पारखून निवडायला आम्ही मालकांना मदत करतो. उमेदवारांना भेटण्याआधी आम्ही तुमच्याकडे येतो. पुढच्या दीड वर्षात या माणसानं काय करून दाखवायचं, हे मालक, भागीदार आणि घरातली पुढची पिढी यांच्याकडून वेगवेगळं लिहून घेतो. वडिलांना अडकलेली वसुली हवी असते, मुलाला निर्यात. आधी तुमचं आपसात जुळू द्या, उमेदवाराची परीक्षा त्यानंतर.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारतो आणि प्रत्येक परीक्षक दुसऱ्याशी न बोलता गुण देतो. अशी आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा जास्त भरवशाची, हे निवडीवरच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. ‘काय कराल’पेक्षा ‘काय केलं होतं’ यावर आमचा भर असतो.

पण आमचा खरा विश्वास प्रत्यक्ष कामावर आहे. लष्करात अधिकारी निवडताना एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळ, पाच दिवस उमेदवाराला कामं देऊन पारखते. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीनं १९५६ पासून व्यवस्थापकांसाठी हीच पद्धत वापरली. आम्ही ती तुमच्या अंगणात आणतो. समजा, शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. गेटवर सभासदांच्या ट्रॉल्या उभ्या, ओलावा १६, त्यातली एक ट्रॉली संचालकाचीच, गोदाम भरत आलेलं आणि बँकेचा फोन वाजतोय. उमेदवाराला ४५ मिनिटं देतो. चिडलेल्या सभासदाच्या भूमिकेत आमचा माणूस समोर बसतो. बरोबर उत्तर एकच नाही. आधी फोन कुणाला केला, संचालकाला आणि साध्या सभासदाला एकच नियम लावला का, पैशाचा हिशेब कागदावर मांडला का, हे आम्ही टिपून ठेवतो.

उत्पादक कंपन्यांनी एक गोष्ट विसरू नये: कंपनी कायद्याच्या कलम ३७८डब्ल्यूप्रमाणे पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमावाच लागतो, आणि तो सभासद नसावा लागतो. अध्यक्षांचा पुतण्या सभासद असेल तर तो विषय तिथंच थांबतो. इतर कंपन्यांत उमेदवार संचालक मंडळावरही येणार असेल, तर कलम १६४ खाली तो अपात्र तर नाही ना, हे आम्ही तपासतो.

चौकशीबाबत आम्ही कडक आहोत. आपल्याकडे वाळूजमध्ये विचारलेली गोष्ट जालन्याला पोचायला वेळ लागत नाही. सुरुवातीच्या काळात आम्ही घाईनं केलेल्या एका फोनमुळे एका उमेदवाराची चालू नोकरी अडचणीत आली होती. ती चूक आमची होती. तेव्हापासून लेखी संमतीशिवाय आम्ही कुणालाच फोन करत नाही, आणि सध्याच्या मालकाला तर तुमचा प्रस्ताव उमेदवारानं स्वीकारल्यावरच. तुम्हीही परस्पर विचारपूस करू नका, ही कळकळीची विनंती.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्याच्या घरच्यांनाही शेवटच्या फेरीआधी एकदा गाव दाखवा. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, उन्हाळ्यातलं पाणी, सगळं खरं सांगा. लपवलेलं सहा महिन्यांत बाहेर येतंच, आणि मग निवड पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

अहवालात आम्ही काय पाहिलं ते लिहितो, ‘याला घ्या’ असं लिहीत नाही. तो निर्णय तुमचा. ज्यांची निवड झाली नाही, त्यांना आम्ही स्वतः फोन करून कारण सांगतो.