बृहत्तर पूर्व आशिया सहसमृद्धी क्षेत्र : विजयोत्तर कारभाराचे आराखडे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानने जिंकलेल्या आणि जिंकू पाहिलेल्या आशिया-पॅसिफिक प्रदेशाला त्याने दिलेले नाव. मूळ संज्ञा ‘दाई तोआ क्योएईकेन’. परराष्ट्रमंत्री मात्सुओका योसुके यांनी १ ऑगस्ट १९४० रोजी ती जाहीरपणे मांडली. त्याआधी, १९३८ मध्ये, पंतप्रधान कोनोए यांनी ‘पूर्व आशियातील नवी व्यवस्था’ घोषित केली होती, पण तिचा आवाका जपान, मांचुकुओ (मांचुरियातले जपानचे बाहुले राज्य) आणि चीन एवढाच होता. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स आणि हॉलंड जर्मनीपुढे पडले, त्यांच्या आशियाई वसाहती बेवारस दिसू लागल्या आणि क्षेत्राची हद्द दक्षिणेकडे सरकली.

जपान जिंकला असता तर त्याने राज्य कसे चालवले असते, हा प्रश्न सहसा कल्पनाविलासाकडे जातो. वास्तविक त्याची गरज फार थोडी आहे. तैवानवर १८९५ पासून आणि कोरियावर १९१० पासून जपानचे राज्य होते. दक्षिणेत त्याने तीन-साडेतीन वर्षे कारभार केला. शिवाय सरकारी कागदपत्रेही उपलब्ध आहेत. मात्र सर्वमान्य असा एकच आराखडा कधीच नव्हता. भूसेना, नौसेना आणि मंत्रालये यांची आपापसांत ओढाताण चालू असे.

सर्वांत हावरा नकाशा युद्धमंत्रालयाच्या संशोधन विभागाने डिसेंबर १९४१ मध्ये तयार केलेल्या भूप्रदेश-विल्हेवाट योजनेत सापडतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडवर जपानी गव्हर्नर-जनरल नेमायचे, अलास्काच्या प्रांतात कॅनडाचा पश्चिम भाग आणि अमेरिकेचे वॉशिंग्टन राज्यही घालायचे, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांसाठी आणखी एक गव्हर्नर-जनरल, असा तो पसारा. मराठी वाचकाची नजर अडखळते ती ‘सिलोन’ प्रांताच्या हद्दीवर. त्यात श्रीलंकेबरोबर दक्षिण भारतही धरला आहे. पोर्तुगीज गोव्याच्या उत्तर सीमेपासून निघून धारवाड-बेल्लारीच्या उत्तरेने पेन्नार नदीपर्यंत आणि तिच्या काठाने नेल्लोरला समुद्रापर्यंत जाणारी रेषा ही त्याची उत्तर हद्द. या हिशेबाने पेडणे आत आणि सावंतवाडी बाहेर! मंत्रालयातल्या टेबलावर आखलेली ही रेषा सरकारचे ठरलेले धोरण नव्हती, त्यामुळे तिच्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. १८ जानेवारी १९४२ चा जर्मनी-इटली-जपान लष्करी करार अधिक ठोस होता. त्याने ७० अंश पूर्व रेखावृत्तावर युद्धक्षेत्राची वाटणी केली. ते पश्चिम सौराष्ट्रातून जाते. म्हणजे मुंबईसह जवळजवळ सगळा भारत जपानच्या बाजूला आला.

प्रत्यक्ष कारभाराची सूत्रे २० नोव्हेंबर १९४१ ला सरकार आणि लष्करी मुख्यालये यांच्या समन्वय बैठकीत ठरली होती. ती तीन : सुव्यवस्था प्रस्थापित करणे, संरक्षणाला लागणारा कच्चा माल लवकरात लवकर मिळवणे, आणि सैन्याने आपला शिधा जागच्या जागी काढणे. जुनी शासनयंत्रणा होता होईल तो वापरावी आणि स्थानिक स्वातंत्र्य चळवळींना अकाली उत्तेजन देऊ नये, असेही त्यात बजावले होते. ‘आशिया आशियाईंसाठी’ ही घोषणा पत्रकांसाठी होती. या दस्तऐवजाला तिच्याशी कर्तव्य नव्हते. पाठोपाठ दोन्ही दलांनी मुलूख वाटून घेतला. मलाया, सुमात्रा, जावा, ब्रह्मदेश, फिलिपिन्स भूसेनेकडे. डच बोर्निओ, सेलेबीस (आजचे सुलावेसी), न्यू गिनी नौसेनेकडे.

ही सूत्रे रोजच्या जगण्यात कशी उतरली, ते सिंगापूरमध्ये जवळून दिसते. १५ फेब्रुवारी १९४२ ला शहर पडले आणि त्याचे ‘शोनान’ झाले. घड्याळे दीड तास पुढे करून टोकिओच्या वेळेला लावली गेली, वर्तमानपत्रावर जपानी शकाचे २६०२ हे वर्ष आले, पहाऱ्यावरच्या शिपायापुढे कमरेत वाकणे सक्तीचे झाले. आधी चिनी पुरुषांची चाळणी लावून हत्याकांड झाले (बळींचे अंदाज पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जातात), मग मलायातील चिनी समाजाकडून पाच कोटी डॉलरची ‘भेट’ मागण्यात आली. रक्कम पुरी होईना, तेव्हा उरलेल्या पैशांसाठी त्यांना योकोहामा स्पेशी बँकेकडून, म्हणजे जपानी बँकेकडूनच, कर्ज काढावे लागले.

नोटांची गोष्टही तशीच. मलायासाठी ‘एम’, ब्रह्मदेशासाठी ‘बी’, फिलिपिन्ससाठी ‘पी’ अशी अक्षरे घालून लष्करी चलन छापले गेले. मलायाच्या दहा डॉलरच्या नोटेवर घड लगडलेली केळ होती, म्हणून लोक त्याला ‘केळ्याचे पैसे’ म्हणत. पहिल्या नोटांवर अनुक्रमांक तरी होते. पुढे तेही गेले. मागे सोने नाही, छपाईला धरबंद नाही. त्यातच रबर आणि कथिल पडून राहिले, कारण ते न्यायला जहाजे नव्हती, आणि तांदूळ मिळेना. सहसमृद्धीचे अर्थशास्त्र समुद्रमार्गांवर उभे होते आणि अमेरिकी पाणबुड्यांनी नेमके तेच तोडले. जपान जिंकला असता तर जहाजे सुटली असती हे खरे, पण माल कोणत्या दिशेला जायचा, हे ठरलेलेच होते.

हेतू सर्वांत उघडा पडतो तो ३१ मे १९४३ च्या, सम्राटासमोर झालेल्या परिषदेत. ब्रह्मदेश आणि फिलिपिन्सला स्वातंत्र्य द्यायचे. मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि सेलेबीस मात्र महत्त्वाच्या साधनसंपत्तीचा स्रोत म्हणून साम्राज्याचाच भाग करायचे, आणि हा निर्णय तूर्त जाहीर करायचा नाही. त्याप्रमाणे १ ऑगस्टला बा मॉ यांचा ब्रह्मदेश आणि १४ ऑक्टोबरला होसे लॉरेल यांचे फिलिपिन्स ‘स्वतंत्र’ झाले. सैन्य जपानचेच राहिले. हा मांचुकुओचा कित्ता होता. तिथे १९३२ पासून प्रमुखपदी (१९३४ पासून सम्राट म्हणून) चीनचा पदच्युत बादशहा पू-यी, खात्यांवर चिनी आणि मांचू मंत्री, पण सह्या ठरवणारे हाताखालचे जपानी अधिकारी आणि त्यांच्यावर तिथली जपानी फौज, क्वांटुंग सेना. क्षेत्रातल्या सरकारांची जपानने नोव्हेंबर १९४३ मध्ये टोकिओत परिषद भरवली, तिला जावाचा प्रतिनिधी नव्हता. परिषद उरकल्यावर इंडोनेशियाचे राष्ट्रवादी नेते सुकार्नो आणि हाट्टा यांना टोकिओला नेऊन सम्राटाचे दर्शन घडवले, पण इंडोनेशियाच्या ध्वजावरची बंदी सप्टेंबर १९४४ पर्यंत उठली नाही. तोवर युद्धाचे पारडे फिरले होते.

लांब पल्ल्याचा विचार आरोग्य व कल्याण मंत्रालयाच्या लोकसंख्या संशोधकांनी १९४३ मध्येच केला. यामातो, म्हणजे जपानी, वंश केंद्रस्थानी ठेवून जागतिक धोरण मांडणाऱ्या त्यांच्या अहवालाची पाने तीन हजारांहून अधिक, प्रती मात्र शंभरच. प्रत्येक वंशाला त्याचे ‘योग्य स्थान’ आणि कायमचे कुटुंबप्रमुखपद जपानकडे, ही त्याची मांडणी. १९५० पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख जपानी परमुलखांत वसवायचे, आणि रक्त मिसळू नये म्हणून मिश्र विवाह टाळायचे. कोरियात याउलट विरघळवून टाकण्याचे धोरण होते : शिंतो देवळांत सक्तीची हजेरी, शाळेत जपानी, आणि १९४० पासून कुटुंबांना जपानी धाटणीची आडनावे.

भारतापुरता या कारभाराचा नमुना जपानी नौसेनेच्या ताब्यातल्या अंदमानात मिळतो. टोकिओ परिषदेत जपानचे पंतप्रधान तोजो यांनी ही बेटे सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सरकारला देण्याचे जाहीर केले. डिसेंबर १९४३ च्या अखेरीस बोस पोर्ट ब्लेअरला आले, तिरंगा फडकला, बेटांना ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावे मिळाली. मुख्य आयुक्त म्हणून ए. डी. लोगनाथन यांची नेमणूक झाली. पोलीस आणि संरक्षण जपानी नौसेनेने सोडले नाही. लोगनाथन यांच्या हाती खऱ्या अर्थाने आले ते शिक्षण खाते. हेरगिरीच्या संशयावरून पकडलेले तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग कालेपानी जानेवारी १९४४ मध्ये सेल्युलर जेलमध्ये छळामुळे मरण पावले, तेव्हा बेटे कागदोपत्री आझाद हिंदची झाली होती.