वस्तू तीच, तारीख आणि किंमत वेगळी: परदेशी गिऱ्हाइकाच्या वैतागाची पार्श्वभूमी

१९ सप्टेंबर २०२५ ला आयफोन १७ अमेरिकेत विक्रीला आला आणि त्याच दिवशी पुण्यातही आला. कोरेगाव पार्कातलं ॲपलचं स्वतःचं दुकान त्याच्या पंधरा दिवस आधी, ४ सप्टेंबरला उघडलं होतं. आज कॉलेजात असलेल्या पोरापोरींना यात काही विशेष वाटणार नाही, पण ज्यांनी २००७ ते २०१४ चा काळ पुण्यात काढलाय आणि ज्यांना गॅजेटचं वेड होतं त्यांना विचारा, तिकडे लाँच झालं की इकडे नुसते व्हिडिओ बघत बसायचं, मग कुणी अमेरिकेहून येतंय का याची चौकशी, आणि शेवटी अधिकृतपणे आलं की किंमत बघून डोळे पांढरे. कंपनीच्या हिशेबात आपण ‘बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक’, आणि या गिऱ्हाइकाच्या रागाला बराच जुना इतिहास आहे. तो नीट सांगायला हवा, कारण ‘आपल्याकडे टॅक्स जास्त आहे ना’ एवढ्या एका वाक्यात लोक तो संपवून टाकतात आणि ते अर्धंच खरं आहे.

सुरुवात लायसन्स राजपासून. ऐंशीच्या दशकापर्यंत बाहेरची इलेक्ट्रॉनिक वस्तू दुकानात जाऊन सरळ विकत घेणं जवळजवळ शक्यच नव्हतं, आयातीवर बंधनं आणि ड्यूटी भरमसाट. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि रंगीत टीव्ही आणायला सरकारने थोडी सूट दिली, तेव्हा आखातात नोकरी करणाऱ्यांनी टीव्ही आणि व्हीसीआर आणले. त्यातही फजिती व्हायची, अमेरिकेहून आणलेला व्हीसीआर एनटीएससी पद्धतीचा आणि आपलं प्रक्षेपण पाल पद्धतीचं, त्यामुळे चित्र काळंपांढरं नाहीतर फिरत राहायचं. शिवाय तिकडची वीज ११०-१२० व्होल्टची, मग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, चांगला विटेएवढा जड, चालू केला की घूं घूं आवाज करणारा, आणि घरात कुणी चुकून प्लग सरळ भिंतीत घातला की संपलं. फॉरेनची वस्तू म्हणजे उशिरा मिळणार, महाग पडणार आणि बिघडली तर कुणी वाली नाही, हे तेव्हाच आपल्या अंगवळणी पडलं.

१९९१ नंतर बाजार उघडला. १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरच्या जागतिक करारावर सही केली आणि २००५ पर्यंत त्या करारातल्या वस्तूंवरची मूळ कस्टम ड्यूटी शून्यावर आली. मोबाइल फोनवर ही ड्यूटी जुलै २०१७ पर्यंत शून्यच होती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपला सगळ्यात जास्त वैताग ज्या काळातला आहे नेमका त्याच काळात फोनवर मूळ कस्टम ड्यूटी नव्हती. व्हॅट होता, बाकीचे कर होते, पुण्यात तर महापालिकेची जकातही होती, म्हणजे मुंबईहून पुण्यात माल आला की नाक्यावर पुन्हा पैसे. १ एप्रिल २०१३ ला जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, त्यावरून व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली ते आठवत असेल, मग ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला. पण हे सगळं धरूनही नऊ ते अकरा महिन्यांचा उशीर जकातीने होत नाही.

आता तारखा बघा. पहिला आयफोन २९ जून २००७ ला अमेरिकेत आला, भारतात तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. कॅम्पात आणि पेठांतल्या काही दुकानांत तो अनलॉक करून मिळायचा, बिल नाही, वॉरंटी नाही, अपडेट केला की फोन बंद पडायची भीती. मग आयफोन ३जी अमेरिकेत ११ जुलै २००८ ला आणि इथे २२ ऑगस्टला आला, म्हणजे उशीर जेमतेम सहा आठवडे, पण किंमत ८ जीबीला ३१,००० रुपये. तिकडच्या जाहिरातीत १९९ डॉलर. तेव्हाच्या ४३-४४ रुपयांच्या दराने ते नऊ हजारही होत नव्हते, आणि लोक खरंच भडकले. यामागे एक कारण होतं जे तेव्हा कुणी धड समजावून सांगितलं नाही: १९९ डॉलर ही दोन वर्षांच्या कराराची किंमत होती, उरलेला पैसा तिकडची टेलिफोन कंपनी महिन्याच्या बिलातून वसूल करायची. आपल्याकडे प्रीपेडचा बाजार, असा करार कुणी करत नव्हतं, म्हणून पूर्ण किंमत एकदम. म्हणजे तुलनाच चुकीच्या आकड्याशी होत होती, पण चूक गिऱ्हाइकाची नव्हती, जाहिरात तशीच होती.

आयफोन ४ च्या वेळी मात्र असं काही समजावायला जागाच नव्हती. अमेरिकेत २४ जून २०१०, भारतात २७ मे २०११. अकरा महिने! आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडे ४एस आला, तो नोव्हेंबरच्या २५ तारखेला इथेही आला, म्हणजे ज्याने मे महिन्यात साडेचौतीस हजार रोख मोजून नवा कोरा फोन घेतला त्याचा फोन सहा महिन्यांत जुना झाला. ज्याने नियमाने, बिल घेऊन, अधिकृत दुकानातून घेतला त्यालाच शिक्षा. आयपॅडचंही तेच, एप्रिल २०१० चा आयपॅड इथे जानेवारी २०११ ला आला आणि मार्चमध्ये तिकडे दुसरा आयपॅड विक्रीला.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलं असं मात्र नाही. सोनीचा पीएसपी हा हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल जपानमध्ये डिसेंबर २००४ ला आला, अमेरिकेत मार्च २००५ ला, युरोपात सप्टेंबर उजाडला. युरोपातल्या लोकांनी मग हाँगकाँगच्या लिक-सँग नावाच्या ऑनलाइन दुकानातून मागवायला सुरुवात केली, त्यावर सोनीने कोर्टात केस केली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये ते दुकान बंद झालं. सोनीचाच पीएस ३ (प्लेस्टेशन ३) जपान-अमेरिकेत नोव्हेंबर २००६ ला आला, युरोपला मार्च २००७ पर्यंत थांबावं लागलं, कारण त्यातल्या ब्लू-रे डिस्कसाठी लागणारे निळ्या लेझरचे डायोड पुरेसे बनत नव्हते, आणि थांबून हाती आला तो जुन्या गेमसाठीची चिप कमी केलेला. कमी माल असला की आधी कुणाला द्यायचा हे कंपनी ठरवते, तिथे श्रीमंत ब्रिटन-जर्मनीसुद्धा दुसऱ्या रांगेत गेले. ब्राझीलमध्ये २०१३ ला पीएस ४ ची किंमत ३,९९९ रेयाल ठेवली गेली, अमेरिकेच्या चौपटीहून जास्त.

ऑस्ट्रेलियाने मात्र जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या लोकांनी इतकी ओरड केली की संसदेच्या समितीने चौकशी लावली, मार्च २०१३ मध्ये ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी या तिघांना समोर बोलावून विचारलं की तीच वस्तू, तेच सॉफ्टवेअर, आमच्याकडे महाग का. सॉफ्टवेअर तर डाउनलोड होतं, त्याला ना जहाज लागतं ना गोदाम. जुलै २०१३ च्या अहवालात समितीने सांगितलं की ऑस्ट्रेलियन लोक अशा वस्तूंना बऱ्याचदा ५० टक्क्यांच्या आसपास जास्त पैसे मोजतायत आणि कंपन्यांची कारणं पटण्यासारखी नाहीत. कंपन्यांनी नेमका कुठे किती खर्च येतो ते उघडपणे सांगावं अशी चौकशी आपल्याकडेही व्हायला हवी होती.

आपल्याकडे बदल आला तो २०१४ मध्ये आणि तोही ऑनलाइन विक्रीतून. फेब्रुवारीत मोटो जी फ्लिपकार्टवर १२,४९९ ला आला, अमेरिकेतल्या १७९ डॉलरच्या जवळपास. जुलैमध्ये शाओमीचा मी ३ आला १३,९९९ ला, फ्लॅश सेलमध्ये, हिंजवडीतल्या ऑफिसांत लोक मीटिंग सोडून रिफ्रेश मारत बसायचे आणि सेकंदांत माल संपायचा. मधले डिस्ट्रिब्युटर, त्यांचं मार्जिन, दुकानाचं भाडं हे सगळं गेल्यावर किंमत किती खाली येते हे लोकांनी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर ‘भारतात असंच असतं’ हे उत्तर कुणाला पटेना.

मग सरकारनेच उलटी दिशा धरली. जुलै २०१७ मध्ये फोनवर १० टक्के कस्टम, डिसेंबरला १५, फेब्रुवारी २०१८ च्या बजेटमध्ये २०. शिवाय १ एप्रिल २०२० पासून जीएसटी १२ वरून १८. हेतू फोन इथे बनावेत हा होता, आणि ते झालंही, पण मधली सहा-सात वर्षं बाहेरून येणारा फोन घेणाऱ्याने ती किंमत मोजली. युरोपियन युनियन, जपान आणि तैवान यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि एप्रिल २०२३ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. जुलै २०२४ मध्ये ड्यूटी परत १५ वर आली.

परवानग्यांचा भाग वेगळा. २०१२ च्या आदेशानंतर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं सक्तीचं रजिस्ट्रेशन आलं, भारतातल्या लॅबमध्ये टेस्टिंग, प्रत्येक कारखान्याचं वेगळं. वायरलेस असेल तर डब्ल्यूपीसी या वायरलेस परवाने देणाऱ्या सरकारी विभागाची मंजुरी आणखी. गुगलचा पिक्सेल ४ ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतात आलाच नाही, कारण त्यातलं छोटं रडार ६० गिगाहर्ट्झवर चालायचं आणि तो बँड इथे मोकळा नव्हता. पण जपानमध्येही सुरुवातीला मंजुरी नव्हती, तिथे ते फीचर बंद ठेवून फोन विकला आणि पुढच्या वर्षी चालू केलं. आपल्याला अख्खा फोनच नाही. नियम अडचणीचे असतात हे खरं, पण ज्या बाजारासाठी खटपट करायची तिथे कंपन्या ती करतात.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा २०२० चा. मायक्रोसॉफ्टचा गेमिंग कन्सोल एक्सबॉक्स सिरीज एक्स १० नोव्हेंबरला जगाबरोबर भारतात आला, ४९,९९० ला. सोनीचा पीएस ५ जगात १२ आणि १९ नोव्हेंबरला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला, तोही ४९,९९० ला, आणि १२ जानेवारीला प्री-ऑर्डर उघडल्या त्या काही मिनिटांत खलास. देश एकच, कस्टम एकच, कोविड एकच. एक कंपनी वेळेवर येऊ शकली, दुसरी पावणेतीन महिने उशिरा.

या सगळ्या काळात पुण्याने आपली वाट काढली ती बॅगेतून. इथे प्रत्येक सोसायटीत कुणाचा तरी मुलगा न्यू जर्सीत नाहीतर बे एरियात, डिसेंबरात येताना ‘दादा, एक फोन आणशील का’ हे ठरलेलं. पण ही वाट दिसते तितकी स्वस्त नाही. २०१६ च्या बॅगेज नियमांत सवलत ५०,००० रुपयांपर्यंतचीच होती, त्यापुढच्या किमतीवर ड्यूटी. २०२२ पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, ते इथे चालतं पण आईच्या फोनमधलं सिम काढून पटकन यात घातलं असं होत नाही. आणि वॉरंटी! आमच्या घरी असाच बाहेरून आणलेला एका कंपनीचा फोन होता, स्क्रीनवर हिरवी रेघ आली, सर्व्हिस सेंटरच्या मुलाने सीरियल नंबर टाकला, मॉनिटर आमच्याकडे वळवला आणि सांगितलं की हे मॉडेल भारतात विकलंच जात नाही त्यामुळे त्याचा पार्ट ऑर्डर करायला सिस्टीममध्ये पर्यायच नाही. पैसे देतो म्हटलं तरी नाही. फोन तसाच सात-आठ महिने वापरला.

आता किमतीचं २०२५ चं गणित, कारण इथेच खरी गंमत कळते. आयफोन १७ अमेरिकेत ७९९ डॉलर, लाँचच्या वेळी डॉलर साधारण ८८ रुपये, म्हणजे ७०,३१२. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा, ८२,९६८. भारतातली लाँचची किंमत ८२,९००. चोख जुळतं! अमेरिकेत लिहिलेल्या किमतीत तिथला सेल्स टॅक्स धरलेला नसतो हेही लक्षात घ्या, म्हणजे साध्या मॉडेलसाठी आपण जवळजवळ बरोबरीला आलोय. इथे जुळणी व्हायला लागल्यामुळे तयार फोनवरची कस्टम ड्यूटी त्याला लागत नाही, म्हणून हे शक्य झालं. पण १७ प्रो घ्या, १,०९९ डॉलर, तेच गणित केलं की १,१४,००० च्या आसपास येतं आणि लाँचची किंमत होती १,३४,९००. वीस हजार रुपये जास्त. आणि प्रो मॉडेलंसुद्धा १६ च्या वेळेपासून इथे जुळवली जातात, १६ प्रोच्या वेळीही फरक वीसेक हजारांचाच होता. तयार फोनवरच्या कस्टमचं कारण ज्या फोनला लागू नाही त्याचे हे वीस हजार कशाचे, हे ॲपलने सांगायला हवं. माझा अंदाज असा की प्रो घेणारा हप्त्यावर घेतो, कार्डाची सूट बघतो, मूळ आकड्यावर घासाघीस करत नाही, म्हणून तो आकडा तिथेच राहतो.

गेमिंगवाल्यांचं दुखणं तर अजून तसंच आहे. स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा कन्सोल २०२२ पासून बाहेर मिळतो, इथे अधिकृतपणे नाही. निन्टेंडोचा स्विच कन्सोल मार्च २०१७ चा आणि स्विच २ जून २०२५ चा, दोन्ही अधिकृतपणे भारतात नाहीत, तरी पुण्यात मिळतात, दुबई नाहीतर हाँगकाँगमार्गे, दुकानदाराच्या स्वतःच्या वॉरंटीवर आणि तो म्हणेल त्या किमतीला. असा विकला गेलेला प्रत्येक नग कंपनीच्या वहीत दुबईची किंवा हाँगकाँगची विक्री म्हणून चढतो, कोथरूडचं गिऱ्हाईक त्यात कुठेच दिसत नाही, आणि पुढच्या वेळी कुठल्या देशात आधी माल पाठवायचा हे ठरवताना त्यांच्यासमोर असतात ते हेच आकडे.